रिकामं वजन

मार्केट यार्डाच्या मागल्या फाटकापाशी
वजनकाट्याच्या काचेआड मी बसते.
हळदीचा हंगाम असला
की कीबोर्डसुद्धा पिवळा होतो,
आणि घरी जाऊन साधा भात खाल्ला
तरी जिभेवर यार्डच.

काटा दहा-दहाच्या उडीनं बोलतो.
दहाच्या आतलं त्याला ऐकू येत नाही.

इलाही शिकलगारची पिकअप
मी आवाजावरून ओळखते.
तिच्या कागदावर आहे:
रिकामी सतराशे वीस, माल दीड टन,
सगळं मिळून बत्तीसशे वीस, त्यापुढं नाही.
तो चार हजार घेऊन काट्यावर चढायचा.
मागचं बूड टेकलेलं,
पुढची चाकं नावाला जमिनीवर,
दिवे आभाळात.
"इलाही, पासिंग किती, भरलंस किती?"
"वढती की, ताई."

ओढते. ते मलाही दिसतं.
पण अंकलीच्या पुलाकडं उतरताना
थांबते का, असं विचारलं
की तो खिशात तंबाखू शोधायला लागतो.

गेल्या साली गाडी फारच बसायला लागली
म्हणून मागच्या पाट्यांत दोन पानं वाढवली.
मग पुढं लोखंडी गार्ड.
मग हौद्याला उंच जाळी, टपावर कॅरियर,
खाली दुसरी स्टेपनी.
मेव्हण्याची उसाची ट्रॉली टोचन करून आणायची
म्हणून मागं हूक, हाताएवढी साखळी.
त्या ट्रॉलीनं क्लचप्लेट जाळली,
आठवडाभर त्याच्या सदऱ्याला तो वास होता.
साखळी मात्र राहिली.

माल उतरवून तो परत यायचा,
मी रिकामं वजन टिपायचे:
सतराशे साठ.
अठराशे दहा.
अठराशे ऐंशी.
एकदा चिठ्ठी उलटी करून हिशेब मांडून दिला:
तू हिला जेवढी दणकट केलीस ना,
तेवढी हीच माल झाली.
एकशे साठ किलो रोज फुकट वाहतोस,
हळद आता तेराशे चाळीस. बस.
त्यानं चिठ्ठी टोपीत खोचली.
"अब्बा सायकलवर धार लावत फिरायचे," म्हणाला,
"आष्ट्यापास्नं बागणीपर्यंत.
चाकच गाडी, चाकच दुकान. त्यांचं बरं हुतं."
आणि दुसऱ्या दिवशी
पुन्हा बावीसशे किलो हळद.

फाल्गुनात एका संध्याकाळी
तो मिरजेच्या दवाखान्याकडून आला.
हौदा रिकामा. पुढच्या सीटवर शमशाद,
मांडीवर दुपट्याचं गाठोडं.
"तोल की, ताई."
"काय तोलू? माल कुठाय?"
"तोल तर."
तो खाली उतरून माझ्या काचेला नाक लावून उभा.
एकोणीसशे चाळीस.
मग मीच बाहेर गेले, पोरीला हातात घेतलं,
काट्याच्या पत्र्यावरून खाली येऊन उभी राहिले.
आत आकडा तसाच.
एकोणीसशे चाळीस.
"काटा बिघडलाय तुझा," तो म्हणाला.
"अरे, दहाच्या आतलं त्याला..."
"अडीच किलो हाय ती!"
डॉक्टरांचा कागद त्यानं काचेवर दाबून धरला,
आरटीओला परमिट दाखवावं तसा.
मी चिठ्ठी छापली नाही.
पैसेही घेतले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी तो हळद घेऊन आला.
गार्ड नव्हता. कॅरियर होतं, साखळी होती,
सगळं कुठं एका दिवसात सुटतं.
पण चारी चाकं नीट जमिनीवर,
दिवे रस्त्याकडं.
आकडा थरथरला आणि थांबला:
बत्तीसशे वीस.
मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
तो दुसरीकडंच बघत होता,
जणू गाडी कुणा तिऱ्हाइताची.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा दिवाणजी ओरडत आला,
"अरे, गोदामात तेरा-चौदा पोती राहिली की!"
"येतो परत," इलाही म्हणाला.
"दुसऱ्या खेपेचं भाडं नाही मिळायचं."
"नगं देऊ. डिझेल माझं."
आणि पहिला गियर टाकून
इतक्या हळू काट्यावरून उतरला
की पत्रा वाजलासुद्धा नाही.